घासून पुसून टाकलेला पुरावा

ठाण्यात तलावपाळीपासून पाच-सात मिनिटांच्या अंतरावर एक जुनी व्यायामशाळा आहे. तिचं नाव लिहीत नाही, कारण माणसं ओळखीची आहेत आणि जी चूक झाली ती प्रेमापोटी झाली. तिथल्या कचेरीत मारुतीच्या तसबिरीशेजारी एक रायफल टांगलेली आहे. बेचाळीसच्या चळवळीत पोरांनी गोऱ्या सोजिराच्या हातून हिसकावून आणलेली ही रायफल, असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. दर खंडेनवमीला ती खाली उतरते. कोणीतरी हौशी कार्यकर्ता पॉलिश पेपर घेऊन बसतो, नळी चांदीसारखी करतो, लाकडाला वॉर्निशचा हात देतो. मग हळदकुंकू, झेंडूची माळ, आरती, आणि पुन्हा भिंत.

गेल्या वर्षी तिथल्या चिटणीसांनी मला बोलावलं. "काका, तुमचं आयुष्य टूलरूममध्ये गेलं. जरा बघून सांगा, हिला काय किंमत येईल? एकाने फोनवर दोन लाख सांगितलेत. पत्रे बदलायचे आहेत."

वागळे इस्टेटमध्ये मी चौतीस वर्षं इन्स्पेक्शनवर काढली. धातूवर मारलेला ठसा वाचणं हे माझं पोटापाण्याचं काम होतं, आणि जुन्या लष्करी रायफलींचं वेड त्यातूनच लागलं. टॉर्च, भिंग आणि ट्रेसिंग पेपर घेऊन मी गेलो. विक्रीची गोष्ट त्याच क्षणी थांबवायला सांगितली, ती का हे पुढे सांगतो. आधी रायफल काय म्हणाली ते.

दस्ता जिथे पोलादाला मिळतो तिथे उजव्या अंगाला मुकुट होता, त्याखाली जी. आर. आय. ही राजा जॉर्जची अक्षरं, मग आर. एफ. आय., साल १९४५, आणि शॉर्ट ली-एनफिल्ड या ब्रिटिश फौजेच्या रायफलीचा मार्क तीन, पुढे तारा. आर. एफ. आय. म्हणजे बंगालमधल्या ईशापूरचा रायफल कारखाना. १९४५ साली घडलेली रायफल १९४२ साली कोणाच्या हातून हिसकावता येत नाही. तिथेच बाजूला डी. पी. ही दोन अक्षरं होती, म्हणजे ड्रिल पर्पज, फक्त कवायतीसाठी. दस्त्याभोवती पांढऱ्या रंगाचा पट्टा असल्याची खूण वॉर्निशखाली पुसट दिसत होती. ही रायफल कोणत्याही सोजिराची नव्हती. बहुधा युद्धानंतर कुठल्याशा छात्रसेनेच्या पथकाकडून ती इथे आली. राष्ट्रीय छात्रसेना १९४८ मध्ये उभी राहिली, आणि आमच्या पिढीपर्यंत कॉलेजातल्या कवायतीला अशाच थ्री-नॉट-थ्री, म्हणजे .३०३ बोअरच्या ली-एनफिल्ड, असायच्या.

कोणत्या पथकाकडून आली हे शोधता आलं असतं. त्यासाठी लागणारा नंबर रिसीव्हरच्या, म्हणजे नळीमागच्या पोलादी सांगाड्याच्या, उजव्या बाजूला होता. होता, असंच म्हणावं लागतं. तिथे आता चार आकड्यांपैकी दोन वाचता येतात, अक्षराचा अर्धा पाय दिसतो, आणि बाकी सगळा चकचकीत पोलाद आहे. वर्षानुवर्षांच्या खंडेनवम्यांनी तो नंबर खाल्ला.

मला जे म्हणायचं आहे ते या दोन बोटांच्या जागेपुरतं आहे. युद्धकाळातल्या रायफलीचा खरेपणा आणि तिचं मोल तिच्या अंगावरच्या खुणांमध्ये असतं. आपल्याकडे घरांत, संस्थांत आणि सरकारी शस्त्रागारांत या खुणा वाचल्याशिवाय, टिपल्याशिवाय नाहीशा केल्या जातात. घरात ते पॉलिश पेपरने होतं, सरकारात गॅस कटरने. हे थांबलं पाहिजे, आणि थांबवायला फार काही लागत नाही.

खुणांचं एवढं काय, असं विचारणाऱ्यांसाठी थोडं कारखान्यातलं सांगतो. ली-एनफिल्डचा एकच नंबर रिसीव्हरवर, बोल्टच्या (काडतूस नळीत ढकलून मागून बंद करणाऱ्या दांड्याच्या) मुठीमागे, नळीवर, नेम धरायच्या मागच्या साइटच्या पानाखाली, पुढच्या टोपीवर आणि लाकडाच्या पुढच्या टोकाखालीही ठोकलेला असतो. हा निव्वळ हिशेब नव्हता. बोल्ट बंद झाल्यावर त्याचं तोंड आणि काडतुसाची बूड यांच्यातली फट केसाएवढ्या मापात बसावी लागते, म्हणून बोल्ट त्या त्या रिसीव्हरला जुळवून दिला जाई. पुढे चार नंबरच्या मॉडेलला तर बोल्टचं डोकंच चार मापांत, शून्य ते तीन असं, येऊ लागलं. टूलरूममध्ये आम्ही याला सिलेक्टिव्ह फिटिंग म्हणतो. त्यामुळे सगळे नंबर जुळत असतील तर ती रायफल ज्या दिवशी कारखान्यातून निघाली त्या दिवसापासून एकत्र राहिली आहे असं मानायला जागा असते. बोल्टचा नंबर वेगळा असेल तर मध्ये काहीतरी घडलं. कोतात, म्हणजे शस्त्रकोठीत, सफाई करताना दोन बोल्टांची अदलाबदल झाली असेल, रणांगणावर दुरुस्ती झाली असेल, किंवा कोणा दलालाने दोन रायफलींची एक केली असेल. यातलं काय घडलं ते ठरवणं म्हणजे पारख.

आता अमेरिकेचा एम-वन गारँड घ्या. तो १९३६ मध्ये अमेरिकी सैन्याने स्वीकारला, आठ काडतुसांची क्लिप घेणारा. त्याचे सुटे भाग कोणत्याही दुसऱ्या गारँडला बसतील असेच बनवले होते. तिथे बोल्टवर रायफलीचा नंबर शोधणं म्हणजे चुकीच्या घरात पत्ता विचारणं. भागांवर ड्रॉइंग नंबर, म्हणजे त्या भागाच्या आराखड्याचे क्रमांक, असतात आणि कोणता ड्रॉइंग नंबर कोणत्या काळात चालू होता त्यावरून अंदाज बांधतात. युद्धानंतर लाखो गारँड लष्करी वर्कशॉपमध्ये उघडले गेले, भाग मिसळले गेले, आणि नव्याने बांधून पुन्हा वापरात गेले. आता अमेरिकेतले काही शौकीन अशी पुन्हा बांधलेली रायफल घेतात, तिचे 'चुकीचे' भाग काढतात, मूळ काळातले 'बरोबर' भाग शोधून बसवतात आणि तिला १९४२ ची अस्सल म्हणून मिरवतात. हे मला पटत नाही. त्या रायफलीचा खरा इतिहास असा होता की ती कुठेतरी लढली, झिजली, उघडली गेली, नव्या नळीनिशी परत गेली. तो इतिहास उपटून काढून त्या जागी एक सुबक खोटा इतिहास बसवला, याला जतन कसं म्हणायचं? प्रत्येक भाग खरा असूनही रायफल खोटी होऊ शकते, हे त्या शौकिनांना कळत नाही असं नाही. कळूनही किंमत जास्त येते.

उलट बाजू जर्मन मॉझरची. कार-९८-के या रायफली पूर्व आघाडीवर रशियनांच्या हाती मोठ्या संख्येने लागल्या. रशियनांनी त्या उघडल्या, धुतल्या, काळ्या केल्या, सापडेल तो बोल्ट बसवला आणि त्याच्यावर विजेच्या पेन्सिलीने नवा नंबर कोरला. मूळ ठोकलेल्या आकड्याची कड आणि कोरलेल्या आकड्याची कड भिंगाखाली लगेच वेगळी दिसते. अशी रायफल शुद्ध मूळ स्थितीतल्या मॉझरपेक्षा स्वस्त मिळते, पण ती खोटी नाही. तिच्या अंगावर दोन सैन्यांची सही आहे. खोटी असते ती, जिच्यावर कोणीतरी घरगुती पंचाने नाझींच्या एसएस दलाची दोन अक्षरं किंवा स्नायपरच्या दुर्बिणीचे जोड नव्याने बसवलेले असतात. जर्मन रायफलींच्या बाजारात या दोन गोष्टींची बनावट इतकी झाली आहे की जाणकार त्या दिसल्या की आधी संशयच घेतो.

जपानी अरिसाका रायफलीच्या माथ्यावर सम्राटाचं शेवंतीचं फूल कोरलेलं असे. शरणागतीच्या वेळी दिलेल्या असंख्य रायफलींवरून हे फूल घासून काढलेलं आहे. त्यामुळे घासलेलं फूल दिसलं तर ती रायफल बहुधा शरणागतीची, आणि फूल शाबूत असेल तर बहुधा त्याआधी रणांगणातून उचललेली. त्या घासण्याचीसुद्धा एक तारीख आहे, एक कारण आहे, म्हणून तीही खूण ठरली. आमच्या व्यायामशाळेतल्या घासण्याला यातलं काहीच नाही.

युद्धाच्या शेवटच्या दिवसांत जपानने काढलेल्या रायफली बघा: साइट न हलणारी, दस्त्याला लोखंडाऐवजी लाकडाची पट्टी, वेल्डिंगसारखं खडबडीत काम, रंधा न मारलेलं लाकूड. नवखा माणूस ती बघून "ही नकली दिसते" म्हणतो. मला ती बघून १९४५ सालचा तो कारखाना दिसतो, पोलाद संपलेला, कारागीर आघाडीवर गेलेले, वर बॉम्बहल्ले. इंग्रजांनीही हेच केलं होतं, थोड्या सभ्यपणे. पहिल्या महायुद्धाच्या रेट्यात १९१६ पासून ली-एनफिल्डवरची मॅगझिन कट-ऑफ, म्हणजे मॅगझिनमधली काडतुसं रोखून धरणारी पट्टी, गेली, लांबच्या माऱ्यासाठीच्या व्हॉली साइट गेल्या, आणि मार्क तीनच्या पुढे तारा लागला. खरखरीत पृष्ठभाग, टूलचे ओरखडे, घाईचा पंच, हे सगळं युद्धाचं हस्ताक्षर आहे. त्यावर बफिंग मारणं म्हणजे जुन्या पत्रावरची शाई धुऊन कागद पांढराशुभ्र झाला म्हणून खूश होणं.

आपल्या भागाला तर खुणा वाचण्याची जास्त गरज आहे, कारण नकलांचं एक मोठं घराणं याच उपखंडात आहे. आज पाकिस्तानात असलेल्या दर्रा आदम खेल आणि खैबरच्या परिसरात कारागिरांनी कानस आणि हातशेगडीवर ली-एनफिल्ड बनवल्या, त्यावर मुकुटही कोरला. त्यात उलटा एन सापडतो, ओळीत न बसणारी अक्षरं सापडतात, आणि व्हिक्टोरिया राणीची व्ही. आर. ही अक्षरं १९१० च्या पुढच्या सालाबरोबर सापडतात. राणी १९०१ मध्ये गेली. ज्याला इंग्रजी वाचता येत नव्हतं अशा हाताने नक्कल केलेली ती अक्षरं आहेत, आणि मला त्या हाताबद्दल आदरच वाटतो. पण सरकारी कारखान्याची म्हणून ती कोणी गळ्यात मारू लागला तर एवढं साल-मुकुटाचं गणित घरातल्या कोणालाही करता आलं पाहिजे.

तसंच गणित घरगुती कथांनाही लावावं. साताऱ्या-रायगडाकडची कितीतरी माणसं दुसऱ्या महायुद्धात मराठा लाइट इन्फन्ट्रीत होती. त्यांची नातवंडं आज ठाण्यात, कळव्यात, नेरुळ-वाशीच्या सोसायट्यांत राहतात. "आजोबांनी बेचाळीस साली ब्रह्मदेशात जंगल कार्बाइन चालवली" असं मी दोन घरांत ऐकलं आहे. ती आखूड रायफल, पुढे नरसाळ्यासारखी ज्वालारोधक टोपी असलेली, १९४४ मध्ये बनायला लागली. आजोबा खोटं बोलले नाहीत. पन्नास वर्षांनी फोटो बघून नातवांनी नाव चिकटवलं. आणि युद्धानंतर साध्या चार नंबरच्या रायफली कापून, टोपी लावून, जंगल कार्बाइन म्हणून परदेशात भरपूर विकल्या गेल्या. खऱ्या कार्बाइनच्या रिसीव्हरवर आणि नळीच्या मुळाशी वजन कमी करण्यासाठी धातू कोरून काढलेला असतो. नुसत्या टोपीवरून ती ओळखता येत नाही.

मराठा पलटणीचे नाईक यशवंत घाडगे यांना १९४४ च्या जुलैत इटलीत केलेल्या पराक्रमासाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, मरणोत्तर. ते माणगाव तालुक्यातले. त्यांनी काय केलं हे आपल्याला तंतोतंत माहीत आहे, कारण ते लिहून ठेवलेलं आहे: मॅगझिन बदलायला वेळ नव्हता तेव्हा त्यांनी हातातली टॉमी गन नळीकडून धरून शत्रूच्या मशीनगनवरच्या उरलेल्या दोघांवर सोट्यासारखी चालवली. कोणी उद्या एक वाकलेली टॉमी गन आणून "ही तीच" म्हणाला, तर विचारायचा प्रश्न एकच, नंबरासह कागद आहे का? कागद नसेल तर वाकलेलं लोखंड काहीच सांगत नाही. कागद आणि ठसा यांची गाठ पडते तिथेच मोल जन्माला येतं. कागद नाही आणि ठसाही घासला, तर राहतं साडेतीन-चार किलो लाकूड-लोखंड.

आता किंमत. आपल्याकडे फोनवर लाखांचे आकडे सांगणारे बरेच आहेत. त्यांना माझा रोखठोक सवाल आहे की तुम्ही विकणार कोणाला आणि कोणत्या कायद्याखाली? थ्री-नॉट-थ्री आणि ७.६२ मिलिमीटर या लष्करी काडतुसांच्या रायफली, आणि तुरुंग-पोलिसांसाठी नळी मोठी करून बनवलेली .४१० मस्केटसुद्धा, शस्त्र नियमांत सामान्य परवान्याच्या बाहेरच्या वर्गात येतात. म्हणूनच ईशापूरच्या कारखान्याने नागरिकांसाठी .३१५ बोअरची वेगळी रायफल काढली. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या ४५ व्या कलमात जुन्या घडणीच्या किंवा पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या शस्त्रांना सूट आहे, पण अट कडक आहे: ते दुरुस्त केल्यावरही शस्त्र म्हणून चालता कामा नये. हे ठरवणं मालकाचं काम नाही, माझं तर नाहीच. म्हणून मी चिटणीसांना आधी पोलीस ठाण्याला लेखी कळवायला लावलं. २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाकडच्या शस्त्रांची मर्यादा तिनावरून दोनवर आणली आणि निषिद्ध शस्त्र बाळगण्याची शिक्षा वाढवली. भिंतीवरच्या एका शोभेच्या वस्तूपायी व्यायामशाळेच्या विश्वस्तांनी कोर्टाच्या पायऱ्या चढाव्यात, हे कोणाला हवं आहे?

याच कायद्याचं आठवं कलम मला फार महत्त्वाचं वाटतं. शस्त्रावरचं बनवणाऱ्याचं नाव, नंबर किंवा ओळखीची खूण पुसणं, काढणं, बदलणं गुन्हा आहे, आणि खूण पुसलेलं शस्त्र ज्याच्याकडे सापडेल त्यानेच ती पुसली असं आधी धरलं जातं. कायद्याने हे गुन्हेगार पकडण्यासाठी लिहिलं. पण इतिहासाच्या माणसाला जे हवं तेच कायद्यालाही हवं आहे, ही गोष्ट आपण वापरली पाहिजे. खूण हा पुरावा आहे यावर दोघांचं एकमत आहे. मग तोच पुरावा सरकारी हातांनी न टिपता का वितळवायचा?

कारण सरकारी बाजूचं नुकसान घरांपेक्षा मोठं आहे. पोलिसांकडच्या थ्री-नॉट-थ्री देशभर निवृत्त होत आहेत. त्या जायलाच हव्यात. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री सीएसएमटीवर स्वयंचलित बंदुकांसमोर आपल्या पोलिसांच्या हातात हीच जुनी रायफल होती, आणि तरीही त्यांनी ती चालवली. कोणत्याही शिपायाला पुन्हा त्या स्थितीत उभं करू नये. माझं म्हणणं एवढंच की त्या रायफलीही इतिहास आहेत, ब्रिटिशांच्या जितक्या तितक्याच आपल्या. १९४३ साली घडलेली, वाळवंटात किंवा आसामात गेलेली, १९५०च्या दशकात कारखान्यात पुन्हा बांधलेली, आणि शेवटी ठाणे-मुंबईच्या एखाद्या चौकीत पाऊस खाल्लेली रायफल. तिच्या अंगावर या सगळ्याचे ठसे एकाखाली एक असतात. लाकडावर तांब्याची तार गुंडाळलेली असते, ती ग्रेनेड उडवताना लाकूड फुटू नये म्हणून. पुष्कळ जण ती 'दुरुस्ती' समजून सोडवून टाकतात.

कोणी म्हणेल, पोलिसांना कामं थोडी आहेत का? मान्य. गंजती शस्त्रं साठवून ठेवणं धोक्याचं, हेही मान्य. भंगारातून बाहेर पडलेली एक रायफल एक जीव घेऊ शकते. नष्ट करा, पण आधी दहा फोटो काढा. दस्त्याच्या मुळाशी, रिसीव्हर, बोल्टची मूठ, नळी, साइट, पुढची टोपी, लाकडाखालचा शिक्का. मोबाइल पुरतो, आर्मररला, म्हणजे शस्त्रांची निगा राखणाऱ्याला, अर्धा तास लागतो, आणि कुठे काय असतं हे त्याला आपल्या सर्वांपेक्षा चांगलं ठाऊक असतं. इश्यू रजिस्टर तर आधीपासूनच असतं. ते फोटो आणि रजिस्टरची पानं जिल्ह्याच्या अभिलेखागारात जमा करा. हजारात एखादा नमुना कायमचा निकामी करून वस्तुसंग्रहालयाला द्या, पण निकामी करतानाही अक्कल हवी: २०१६ पासून युरोपात जो नियम आला त्यात बोल्ट वेल्डिंगने जागेवर बसवतात, मग आतलं काही वाचता येत नाही. वेल्डिंगच्या आधी वाचा, एवढंच सांगतो आहे.

वस्तुसंग्रहालय म्हटलं की लोक अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयाचं नाव घेतात, आणि ते सुरेख आहेच. पण ठाण्याला वेगळी परंपरा आहे. १८९३ मध्ये या गावाने मराठी ग्रंथसंग्रहालय काढलं, तेव्हा सरकार पुढे आलं नव्हतं. गावातली माणसं पुढे आली होती. जिल्ह्यातल्या शस्त्रखुणांची एक नोंदवही ठेवणं या गावाला जड नाही. शंभर वर्षांच्या वस्तूला पुराणवस्तू मानणारा कायदा १९७२ चा. १९१६ ची रायफल त्याच्या वयाच्या व्याख्येत बसते, १९४३ ची २०४३ पर्यंत बसणार नाही. मधल्या वर्षांत तिचं रक्षण कोणत्याच वारसा कायद्याने होत नाही, आणि नेमक्या याच वर्षांत आजोबांच्या पिढीची शेवटची घरं रिकामी होणार आहेत.

व्यायामशाळेत मी हे सगळं सांगितलं तेव्हा ज्येष्ठ मंडळी नाराज झाली. बेचाळीसची गोष्ट गेली ना. एक आजोबा बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी रायफल मांडीवर घेतली, डी. पी. वर अंगठा फिरवला आणि म्हणाले, "अशीच होती. खांद्यावर घेऊन आम्हाला पोलीस परेडच्या मैदानात उन्हात तासभर उभं करायचे. पहिल्या दिवशी मी चक्कर येऊन पडलो होतो." मग त्यांनी सांगितलं की कोणत्या साली, कोण उस्ताद होता, किती मुलं होती. चिटणीसांनी ते वहीत लिहून घेतलं. त्या रायफलीबद्दलची खरी अशी ती पहिली ओळ.

दस्त्याच्या तळाचं पितळी झाकण त्याच दिवशी मी उघडलं. तेलाची बाटली आणि सफाईची दोरी ठेवायची ती जागा. बाटली नव्हती, दोरी होती, कडक झालेली. लाकडाच्या आतल्या बाजूला पॉलिश पेपर कधी पोचला नव्हता, तिथला रंग अजून गडद आहे. बोल्टची मूठही वाचली, कारण तिच्या मागे बोट घालून घासायला जागा नसते. त्यावरचा नंबर पूर्ण आहे. रिसीव्हरवरच्या उरलेल्या दोन आकड्यांशी तो जुळतो. तो ट्रेसिंग पेपरवर उतरवून पोलीस ठाण्याला दिलेल्या पत्राला जोडला आहे.

यंदा खंडेनवमीला रायफल सुती कोरड्या कापडाने पुसली. हळदकुंकू खालच्या पाटाला लावलं.